हेतू वाईट नव्हता

मी आयुष्यात एकदाच अग्निशमन दलाला फोन केला आणि त्या दिवशी आमच्या गल्लीत आग सोडून सगळं काही होतं.

सप्टेंबरची संध्याकाळ. सांगलीच्या गावभागात आमचं जुनं घर आहे. गच्चीवरचे वाळलेले कपडे काढणं हे काम निवृत्तीपासून माझ्याकडे आहे, आणि ते करतानाच मला समोरच्या काकूंच्या घरामागून पांढऱ्या धुराचे लोट वर येताना दिसले. मी पूर्ण शास्त्रशुद्ध विचार केला. धूर आहे म्हणजे आग आहे. आग आहे म्हणजे ओरडलं पाहिजे. मी ‘आग, आग’ असं ओरडलो, १०१ नंबर फिरवला आणि भरलेली बादली घेऊन जिन्याकडे धावलो. पाण्याने भरलेली बादली आणि वयाने भरलेला माणूस यांनी एकाच वेळी जिना उतरू नये. शेवटच्या तीन पायऱ्या आम्ही दोघं वेगवेगळे उतरलो.

मी अंगणात आडवा असतानाच त्या धुरातून एक मुलगा बाहेर आला. खांद्यावर फटफट वाजणारं मशीन, तोंडाला रुमाल.

‘‘काका, दारं-खिडक्या लावून घ्या. डासांची फवारणी चालू आहे.’’

मग बंब आला. त्याच्यामागे गल्ली आली. बंबातल्या माणसाने विचारलं, ‘‘आग कुठाय?’’ मी गुडघ्याकडे बोट दाखवलं.

एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं. पण आमची भाची सध्या आमच्याकडे राहून संस्कृत घेऊन एम. ए. करते आहे आणि तिला ‘तर्कसंग्रह’ नेमला आहे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांची ही चिमुकली पोथी. बालकांना सुखाने कळावं म्हणून लिहितोय, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं आहे. भाची तेवीस वर्षांची आहे आणि ही पोथी घेऊन रात्री उशिरापर्यंत डोकं धरून बसते, त्यामुळे त्या काळची बालकं काय ताकदीची होती याची कल्पना येते. तर ही बालिका जमलेल्या गल्लीसमोर, हातात पोथी, डोळ्यांत शोध लागल्याचा आनंद, अशी पुढे आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

‘‘मामा, तुमचा हेतू सव्यभिचार आहे!’’

आता न्यायशास्त्रात हेतू म्हणजे मनातला इरादा नव्हे. ज्या खुणेवरून आपण अनुमान काढतो ती खूण म्हणजे हेतू. आणि ती खूण जिथे ती गोष्ट नाही अशा ठिकाणीही सापडत असेल, थोडक्यात एकनिष्ठ नसेल, तर तो हेतू सव्यभिचार. पाच हेत्वाभासांतला पहिला. हे सगळं भाचीने मला आत गेल्यावर गुडघ्याला तेल लावताना सांगितलं. गल्लीने फक्त अंगणातलं वाक्य ऐकलं होतं. आनंदीबाईंनी म्हणे ‘ध’चा ‘मा’ केला. त्यांना निदान दौत-लेखणी तरी घ्यावी लागली असेल. आमच्या गल्लीने बसल्या जागी नुसता ‘स’ गाळला.

डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि दोन गोष्टी लिहून दिल्या. एक चार पायांची काठी, जिच्या प्रत्येक पायाला रबराचं गोल बूच असतं. दुसरी गोष्ट, वजन दहा किलोनं कमी. काठी त्याच दिवशी मिळाली.

घरी बसायचंच आहे तर न्यायशास्त्र तरी शिकावं, असं मी ठरवलं. भाचीने पहिल्याच दिवशी अनुमानाचे पाच अवयव सांगितले. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर दिसतोय, हा हेतू. जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर आग आहे, हे निगमन.

‘‘एवढं बोलून होईपर्यंत डोंगर जळून जाईल,’’ मी म्हणालो.

‘‘पाच अवयव दुसऱ्याला पटवायचं असेल तरच लागतात, मामा. ते परार्थानुमान. स्वतःपुरतं असेल तर मनातल्या मनात, एक अक्षर न बोलता. ते स्वार्थानुमान.’’

एवढ्यात आतून हिचा आवाज आला, ‘‘जसं स्वयंपाकघरात म्हणजे? माझ्या स्वयंपाकघरात कुठं दिसला हो धूर तुम्हाला?’’

भाचीने आतल्या दिशेला मान वळवून हळूच म्हटलं, ‘‘मामीचं सगळं स्वार्थानुमान असतं.’’

हे मला पस्तीस वर्षांत कुणी इतक्या नेमक्या शब्दांत सांगितलं नव्हतं. मी दारात चपला कशा काढतो यावरून पेन्शन जमा झाली की नाही हे हिला कळतं. मी कोपऱ्यावरून फोनवर नुसतं ‘हॅलो’ म्हणतो आणि पलीकडून येतं, ‘‘दळण विसरलात ना?’’ प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय हे चारही अवयव आतल्या आत कुठेतरी उरकलेले असतात. माझ्यापर्यंत थेट निगमन पोचतं.

स्वयंपाकघराबद्दलची तिची हरकत मात्र रास्त होती. आमच्याकडे गेल्या दिवाळीत इंडक्शनची शेगडी आली. काळी, गुळगुळीत, ज्योत नाही, धूर नाही. धडा ताजा होता, म्हणून मी तिथेच अनुमान केलं. धूर नाही म्हणजे आग नाही, आग नाही म्हणजे चटका नाही. आणि हिने दुधाचं पातेलं नुकतंच उतरवलं होतं त्या जागेवर तळहात टेकला.

माझी किंकाळी ऐकून हीच आधी आली. भाची मागून आली, पण जास्त आनंदात. ‘‘मामा! तापलेला लोखंडाचा गोळा!’’

मला वाटलं उपचार सांगतेय. तर नाही. नैयायिकांनी या जागी आधीच धोक्याची पाटी लावून ठेवली आहे. धुरावरून आग काढावी, आगीवरून धूर काढू नये. लालभडक तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, पण धूर नसतो. धूर यायचा तर सरपण ओलं लागतं. इंडक्शनमध्ये पातेल्याचं बूड चुंबकाच्या खेळाने तापतं आणि त्या बुडाने खालची काच तापते, हेही मी नंतर शेगडीच्या पुस्तिकेत वाचलं. पोथी असो वा पुस्तिका, चटका बसल्यावर वाचायची माझी पद्धत आहे.

इंग्रजी तर्कशास्त्रात विगामी अनुमानालाही इंडक्शनच म्हणतात, आणि त्याचा चटका मला २०१९ सालीच बसला होता. २००५ च्या पुरात आमच्या घरात पाणी आलं होतं. ओसरल्यावर मी भिंतीवरच्या ओल्या डागाशी पेन्सिलने रेघ मारली, तारीख घातली, खाली सहीसुद्धा केली. शितावरून भाताची परीक्षा करतात तशी मी एका पुरावरून यच्चयावत पुरांची परीक्षा केली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा चढायला लागली तेव्हा शेजारीपाजारी सामान बांधत होते आणि मी गाद्या, टीव्ही, पुस्तकं, लोणच्याच्या बरण्या सगळं त्या रेघेच्या वर वीतभर अंतर ठेवून शांतपणे रचत होतो. वीतभर ही सुरक्षिततेसाठी. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. रेघ गेली, सही गेली, बरण्या तेवढ्या झाकणं घट्ट होती म्हणून घरभर पोहत राहिल्या. आम्ही मिरजेला हिच्या बहिणीकडे होतो, कारण हिने मला ओढत नेलं होतं. कशावरून, हे तिने तेव्हाही सांगितलं नाही.

बर्ट्रांड रसेलने १९१२ च्या एका पुस्तकात एक कोंबडी सांगितली आहे. एक माणूस तिला रोज दाणे टाकतो, ती बिचारी त्याला पाहिलं की दाण्यांची वाट पाहते, आणि एके दिवशी तोच माणूस तिची मान पिरगाळतो. भाचीने ही गोष्ट सांगितली तेव्हा हिने भिंतीकडे पाहिलं. मी म्हटलं, कोंबडी निदान सही करत नव्हती, असं म्हणायचंय ना तुला? ही म्हणाली, मी कुठं काय म्हटलं?

वजन कमी करायचं म्हणून मी संध्याकाळी काठी टेकत आयर्विन पुलापर्यंत जाऊ लागलो. आयर्विन पूल म्हणजे १९२९ पासून उघडा असलेला अनुमानाचा वर्ग आहे. कठड्याला टेकलेला प्रत्येक माणूस पाण्याकडे बघून काहीतरी निष्कर्ष काढत असतो. पाणी फुगलं की एक जण म्हणतो, कोयनेतून सोडलंय. दुसरा म्हणतो, छे, खाली आलमट्टीनं अडवलंय. मग दोघं पाण्याकडे बघायचं सोडून एकमेकांकडे बघायला लागतात. मला वाटायचं हे भांडण अलीकडचं आहे. पण न्यायसूत्रांत ते जसंच्या तसं आहे. नदी भरलेली दिसली की वर पाऊस झाला असं अनुमान काढावं, हे ठरल्यावर पूर्वपक्षवाला उठतो आणि म्हणतो, प्रवाह खाली अडवला तरीही नदी फुगते, मग तुमचं अनुमान कसलं? मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणजे पाऊस येणार म्हणता, पण त्यांचं वारूळ कुणी मोडलं असेल तर? मोर ओरडला म्हणता, पण एखादा माणूसच मोराचा आवाज काढत असेल तर? यावर भाष्यकार वात्स्यायन शांतपणे सांगतात की बाबा रे, नुसता फुगवटा पाहू नको. धार किती ओढीची आहे, फेस किती, फळं-पानं-लाकडं वाहून येताहेत का, ते बघ. पुलावरचे जुनेजाणते अजून हेच बघतात. फक्त फळांच्या जागी थर्माकोल आला आहे.

मी ही माहिती पुलावर दिली. दोन्ही गट पहिल्यांदाच एक झाले आणि म्हणाले, काका, तुम्ही घरी जावा.

महिनाभर मी दिवसा जवळजवळ काही खाल्लं नाही. सकाळी काकडी, दुपारी अर्धी भाकरी, संध्याकाळी काकडीची आठवण. महिन्याअखेर काट्यावर उभा राहिलो. दीड किलो वाढलं होतं.

मी म्हटलं, ‘‘काटा बिघडलाय.’’

भाची म्हणाली, ‘‘लठ्ठ देवदत्त!’’

हा देवदत्त सगळ्या पोथ्यांत असतो. धडधाकट, गोलमटोल, आणि दिवसा जेवत नाही. आता दिवसा जेवत नाही आणि तरीही लठ्ठ आहे, म्हणजे तो रात्री जेवत असला पाहिजे. मीमांसक म्हणतात, हे ज्ञान अनुमानाने होत नाही, त्याला अर्थापत्ती हे वेगळं प्रमाण मानलं पाहिजे. नैयायिक म्हणतात, वेगळं कशाला, हेही अनुमानच. शतकानुशतकं वाद झाला. दोन्ही पक्षांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं, ते म्हणजे मी रात्री खातो.

आणि खात होतो. लपवण्यात अर्थ नाही. भडंग. लसणाचं, तिखट, शेंगदाणे सढळ हाताने घातलेलं. डबा घरात ठेवला असता तर हिला वासावरून कळलं असतं, म्हणून परसातल्या स्कूटरच्या डिकीत ठेवला होता. रात्री एकच्या सुमारास मी काठी उचलून धरत, फरशीवर आवाज न करता, परसदाराने बाहेर पडायचो. अंधारात स्कूटरशी उभा राहून, एकेक दाणा गालात मऊ करून खायचो. कुरकुर आवाज न करता भडंग खाणारा सांगली जिल्ह्यातला मी एकमेव माणूस असेन. हिने अवाक्षर काढलं नाही. एकदा सकाळी माझ्या उशीवरून एक शेंगदाणा उचलला, खिडकीतल्या खारीला टाकला आणि चहा ठेवायला गेली. मी मनात म्हटलं, सुटलो.

त्याच आठवड्यात भाचीने चार्वाकाच्या लांडग्याची गोष्ट सांगितली. चार्वाक म्हणजे अनुमान मुळीच न मानणारे, डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं म्हणणारे. हरिभद्रसूरींच्या ‘षड्दर्शनसमुच्चय’ या ग्रंथावरच्या टीकेत ही गोष्ट येते. एका चार्वाकाच्या बायकोची परलोकावर, पुण्यावर फार श्रद्धा. विद्वान लोक सांगतात ते खोटं कसं असेल, असं तिचं म्हणणं. नवरा तिला रात्री घेऊन निघाला आणि रस्त्यावरच्या धुळीत बोटांनी लांडग्याच्या पावलांचे ठसे उमटवत गेला. सकाळी गावातले बहुश्रुत जमले, ठसे पाहिले आणि त्यांनी एकमताने निर्णय दिला की रात्री रानातून लांडगा आला होता. नवरा बायकोला म्हणाला, बघ हे तुझे विद्वान.

गोष्ट मला आवडली. ती आमच्या परसात घडेल असं मात्र वाटलं नव्हतं.

त्या रात्री पाऊस भुरभुरून गेला होता. परसातली माती लोण्यासारखी मऊ झाली होती. मी नेहमीप्रमाणे जाऊन आलो, झोपलो. सकाळी सातला बाहेर कालवा. परसात अर्धी गल्ली. पलीकडचे निवृत्त तलाठी उकिडवे बसून जमीन न्याहाळत होते. त्यांच्या भोवती मातीत चार-चार गोल खड्डे, चार-चार गोल खड्डे, दारापासून स्कूटरपर्यंत आणि परत.

‘‘बिबट्या,’’ तलाठी म्हणाले. ‘‘मोजा बोटं. चार. बिबट्याला चारच उमटतात.’’

‘‘कुत्रं असेल,’’ कुणीतरी म्हणालं.

‘‘कुत्र्याची नखं उमटतात. बिबट्या नखं आत ओढून चालतो. इथे नखं कुठायत? नाहीत. म्हणजे कुत्रं नाही. म्हणजे बिबट्या.’’

खरं सांगतो, इतकं निर्दोष अनुमान मी पोथीबाहेर ऐकलं नव्हतं. प्रतिज्ञा होती, हेतू होता, उदाहरण होतं, पायरी न पायरी चढून निगमन आलं होतं. आयुष्यभर पाच पंचांच्या सह्या घेतलेला माणूस, त्याला पाच अवयव जड नव्हते. मी काठी पाठीमागे धरली.

‘‘पण बिबट्याच्या बाजूनं हे चपलेचे ठसे कुणाचे?’’ एका पोराने विचारलं.

शांतता पसरली. सगळ्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

‘‘बिबट्या काकांच्या मागं लागला होता,’’ एक जण म्हणाला.

‘‘उलट. जाताना काका मागं आहेत.’’

‘‘पण रात्री काका परसात कशाला?’’

इथे समोरच्या काकूंनी घसा साफ केला. त्या म्हणाल्या की आपण कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. पण रात्री एकला उठलं की मोरीच्या खिडकीतून दिसतं ते दिसतं. आणि गेला महिनाभर रोज दिसतंय. शिवाय त्या दिवशी घरातल्याच मुलीनं चारचौघांत सांगितलं होतं, की यांचा हेतू व्यभिचाराचा आहे म्हणून.

एका झटक्यात चित्र पूर्ण झालं. धूर, रात्र, परसदार, हेतू. कावळा बसला होता आणि फांदीही तुटली होती. मला कळेना, बिबट्या नाकारावा, की भडंग कबूल करावं, की मागून तिसरंच काही माथी येण्याची वाट पाहावी.

भाची धावत पुढे आली. तिचा चेहरा पडला होता. ‘‘काकू, ते माझं चुकलं! मी रात्री पुन्हा वाचलं. मामांचा हेतू सव्यभिचार नाहीच आहे. त्या मशीनमधून येतो तो धूर नसतोच, डिझेलमधल्या औषधाचं धुकं असतं. म्हणजे मुळात हेतूच जागेवर नव्हता. असिद्ध आहे तो, असिद्ध!’’

काकूंनी क्षणभर विचार केला. ‘‘असिद्ध म्हणजे सिद्ध झालं नाही, एवढंच ना?’’

‘‘संशयाचा फायदा,’’ तलाठी म्हणाले.

मी हिच्याकडे पाहिलं. ही दारात उभी होती. तिने ठशांकडे पाहिलं, स्कूटरकडे पाहिलं, माझ्या पाठीमागून डोकावणाऱ्या रबरी बुचांकडे पाहिलं. एका बुचाला माती होती आणि मातीला एक चुरमुरा चिकटला होता. तिने तो पाहिला, हे मी पाहिलं.

‘‘बिबट्याच होता,’’ ही म्हणाली. ‘‘मी आवाज ऐकला. यांना उठवून मीच बघायला पाठवलं होतं.’’

‘‘रोज?’’ काकूंनी विचारलं.

‘‘रोजच येतो. वन खात्याला कळवा. आणि रात्रीचं मोरीच्या खिडकीशी उभ्या राहू नका बाई, खिडकी ठेंगणी आहे तुमची.’’

गल्ली पांगली. काकूंच्या खिडकीला दुपारपर्यंत जाळी बसली. तलाठ्यांनी ठशांवर टोपली पालथी घातली आणि वर वीट ठेवली, पुरावा म्हणून. ही दिवसभर माझ्याशी नेहमीसारखी बोलली. दुपारी अर्धी भाकरी वाढली, काकडी वाढली. मी दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तिने विचारलं, मीठ हवंय का?

रात्री एक वाजता मी उठलो. ही भिंतीकडे तोंड करून झोपली होती, श्वास संथ होता. गाढ झोपली आहे, असं मी अनुमान केलं. काठी न घेता, लंगडत, दगडा-दगडावरून पाय टाकत स्कूटरपाशी गेलो. डिकी उघडली. डबा हलका लागला. झाकण काढलं. आत दोन काकड्या होत्या, सोलून, चिरून, मीठ लावून. खाली दुधाच्या हिशेबाच्या वहीतलं पान होतं आणि त्यावर हिचं अक्षर.

‘भडंग बिबट्याने खाल्लं.’